नव्व्याण्णव पायऱ्या

फोन वाजला तेव्हा मी कांदा चिरत होतो. हात ओले होते, म्हणून रिसीव्हर मानेत धरला. एक बाई बोलत होत्या, आवाज पन्नाशीतला, सर्दी झालेला. "हाज शौकी ना? मी मेर्वत, अलेक्झांड्रियाच्या हॉटेलातून. तुमची खोली नक्की झाली बरं का. चौथा मजला, समुद्राकडची, मंगळवार ते शुक्रवार, दोन माणसं. एकच सांगायचं राहिलं होतं. येताना दोघांची ओळखपत्रं आणि लग्नाचा दाखला आणाल ना? तुमच्या वयाच्या माणसांना विचारायची मलाच लाज वाटते, पण पोलीस येऊन वही तपासतात, आणि मग मालक माझ्यावर खेकसतो." मी म्हणालो, "आणतो." "आणि तुमच्या हाज्जांना सांगा, आमच्या उशा जरा कडक आहेत. मान दुखत असेल तर घरची उशी घेऊन या म्हणावं." मी म्हणालो, "सांगतो." फोन ठेवला. उरलेला कांदा चिरला, सुरी धुतली, पुसून जागेवर ठेवली. मग ओट्याची कड धरून उभा राहिलो. माझ्या बायकोला, इन्साफला, जाऊन आठ महिने झाले होते.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं पहिलं मिनिट हसतात. दुसऱ्या मिनिटाला सगळी बटणं दाबून बघतात. तिसऱ्या मिनिटाला त्यांच्यातलं कुणीतरी एकदम गप्प होतं, आणि बाहेर उभ्या माणसाला त्या गप्प बसण्यावरून कळतं की आता घाई करायला हवी. अडतीस वर्षं मी कैरोतल्या जुन्या इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त केल्या, आणि हे सगळं बाहेरून ऐकलं. त्या सकाळी स्वयंपाकघरात मी तिसऱ्या मिनिटात होतो. सोमवारी खोली मीच सांगितली होती. मन्सूराला असते ती माझी मुलगी रिहाम महिनाभर मागे लागली होती. "बाबा, तीन दिवस जाऊन या. आईची यादी पडलीच आहे. की मी सांगू हॉटेलला?" मी म्हणालो, अजून मला फोन करता येतो. आणि फोन केला. त्या बाईंनी "किती माणसं?" असं विचारलं असणार. मी काय बोललो ते मला आठवत नव्हतं. आठवून आठवून बघितलं. तारखा आठवत होत्या, समुद्राकडची खोली मागितलेली आठवत होती, त्या बाई मध्येच शिंकल्या आणि मी "यरहमुकल्लाह" म्हणालो तेही आठवत होतं. "दोघं" म्हणालेलं आठवत नव्हतं. डोकं जायला लागलं तर ते असंच जात असेल, मी मनात म्हणालो. एक शब्द इथून, एक तिथून. आज तोंडातून "दोघं" निघालं, उद्या मी तिला हाक मारीन आणि उत्तर येईपर्यंत थांबीन. पण याहून जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. ते "दोघं" नकळत गेलं होतं. आज मात्र मी शुद्धीवर होतो, आणि तरी "आणतो" म्हणालो, "सांगतो" म्हणालो. ती नाही हे एका अनोळखी बाईला सांगायला तीन शब्द पुरले असते. ते माझ्याकडून निघाले नाहीत.

मी कपाटाकडे गेलो. फोन करून चूक सांगायची, की दाखला शोधायचा, यातलं दाखला शोधणं सोपं वाटलं. हाताला काहीतरी काम हवं होतं. घरातले कागद इन्साफ एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात ठेवायची, हिवाळ्याच्या पांघरुणांखाली. पाकीट काढून पलंगावर उलटं केलं. वीजमंडळाचे कागद, रिहामची शाळेची प्रगतिपुस्तकं, माझ्या निवृत्तीचं पत्र, आणि चार घड्या घातलेला दाखला. तिचं ओळखपत्र नव्हतं, ते मृत्यूची नोंद केली तेव्हा आरोग्य कार्यालयानं ठेवून घेतलं. माझ्या ओळखपत्रावर अजून 'विवाहित' आहे. दाखला उघडला. खाली दोन अंगठे. माझा फरकाटलेला, कारण तेव्हा हाताला ग्रीस असायचं आणि ते किती घासलं तरी जायचं नाही. तिचा स्वच्छ. एकेक रेघ वेगळी दिसत होती, मधे कुठेतरी भाजीच्या सुरीनं कापल्याची बारीक आडवी खूण. चाळीस वर्षांपूर्वीची खूण. मी माझा अंगठा त्यावर ठेवणार होतो, ठेवला नाही. लग्नानंतर दोन दिवस आम्ही अलेक्झांड्रियालाच गेलो होतो, तेव्हाही हा कागद दाखवावा लागला होता. काउंटरवरच्या माणसानं तो उजेडात धरून पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, मग परत कागदाकडे. मी कानापर्यंत लाल झालो. इन्साफनं अंगठा पुढे केला आणि म्हणाली, "हा घ्या भाऊ, हाही ताडून बघा. मात्र मेंदी आहे, पुसली तर भरून द्यावी लागेल." तो माणूस इतका हसला की त्यानं वरच्या मजल्याची खोली दिली.

एक्स-रेच्या पाकिटाच्या पाठीवर तिची यादी होती. मला माहीत होतं ती तिथे आहे, म्हणूनच मी आठ महिने ते पाकीट काढलं नव्हतं. दर वर्षी शरदात ती अशी यादी करायची. आम्ही अलेक्झांड्रियाला पुष्कळ वेळा गेलो, पण मुलीला घेऊन, इन्साफच्या भावंडांबरोबर, वाळूत. मुलीच्या नावानं मला हाक मारत ती म्हणायची, "ते दोन दिवस सोडले तर मी त्या शहराची फक्त वाळू पाहिली आहे, अबू रिहाम. माणसांनी एवढं बांधून ठेवलंय ते कोण बघणार?" या यादीत कायतबेचा किल्ला होता, त्यापुढे 'सकाळीच, नंतर ऊन'. अन्फूशीला मासे, त्यापुढे 'शौकीला निवडू देऊ नये'. रोमन नाट्यगृह. शेवटी 'समुद्राकाठी बसणे, काही न करणे'. आणि सगळ्यात वर, जरा जाड अक्षरात, 'कोम अश-शुकाफा. एकत्र'. ही यादी मात्र तिनं मागच्या हिवाळ्यात लिहिली, ऑक्सिजनची नळी नाकात असताना. लिहून झाल्यावर तिनं पाकीट माझ्याकडे वळवलं आणि त्या एका शब्दावर बोट ठेवलं. मी म्हणालो, "येतो. या वेळी खाली येतो." आणि तिनं मान हलवली, लहान मुलाचं बोलणं ऐकून घेतात तशी.

कारण त्या पहिल्या वेळी, लग्नानंतरच्या त्या दोन दिवसांत, मी खाली गेलो नव्हतो. कोम अश-शुकाफा म्हणजे जमिनीखालची थडगी, जुन्या रोमन काळातली. मधे एक गोल विहीर आहे आणि तिच्याभोवती नव्व्याण्णव पायऱ्यांचा जिना खाली उतरतो. मी तोंडाशी गेलो, वाकून पाहिलं. खालून गार हवा आली, ओल्या मातीचा वास आला, आणि मी मागे झालो. म्हणालो, "तू जा, मी सिगरेट ओढतो." ती बावीस वर्षांची होती. नवीन चपला, लाल. ती एकटी गेली. चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग यायचा थांबला. मी दोन सिगरेटी ओढल्या. वर आली तेव्हा तिचा हात बर्फासारखा होता. मला वाटलं, खाली गारवा असेल. ती खूप बोलत होती, नेहमीपेक्षा जास्त. "शौकी, तुला काय सांगू! मधली ती विहीर आहे ना, त्यातून ते मेलेल्या माणसांना दोर बांधून खाली सोडायचे. म्हणजे तुझी लिफ्टच की! दोन हजार वर्षांपूर्वीची! आणि हे सगळं सापडलं कसं ठाऊक आहे? एक गाढव वरून आत पडलं. पहारेकरी सांगत होता. गाढव गेलं खाली, आणि माझा नवरा वर सिगरेट ओढत बसलाय." मी हसलो. पण दोरावर माणूस खाली सोडायचे हे संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्या संध्याकाळी मी तिला खड्ड्याची गोष्ट सांगितली. आजवर फक्त तिला. एकोणीस वर्षांचा होतो, उस्ता गिर्गिसच्या हाताखाली शिकत होतो. लिफ्टच्या तळाशी खड्डा असतो, तिथे उतरून तेल घालत होतो, आणि वर कुणीतरी लिफ्ट चालू केली. मी आडवा पडलो. ती आली. माझ्या छातीपासून वीतभर उंचावर येऊन थांबली. पोलादाचा तळ, त्यावर चिकटलेले केस, काड्या, एक गुलाबी बटण. दहा मिनिटं मी त्या बटणाकडे बघत पडून होतो. त्यानंतर मी सगळी कामं वरून केली, मशीनच्या खोलीतून. खड्ड्यात दुसऱ्याला उतरवायचो आणि वरून बॅटरी मारायचो. लोक म्हणायचे, शौकी किती काळजी घेतो, स्वतः वर उभा राहून प्रकाश देतो.

हे सगळं मी पलंगाच्या कडेला बसून आठवत होतो असं नाही. ते आपोआप येत होतं, मी फक्त ते थांबवू शकत नव्हतो. आणि जे खरं येऊ द्यायचं नव्हतं तेही आलं. फेब्रुवारी. दुपारच्या नमाजानंतर आम्ही तिला तिच्या माहेरच्या घराण्याच्या कबरस्तानात नेलं. अंगण, त्यात दोन चौकोनी तोंडं, डावीकडे पुरुषांची खोली, उजवीकडे बायकांची. कबरी सांभाळणाऱ्यानं उजवीकडची फरशी बाजूला केली होती. सात पायऱ्या. माझ्या नडग्यांना ती हवा लागली. तीच ओल्या मातीची. इन्साफचा धाकटा भाऊ हम्दी आधी उतरला, अर्ध्यावर थांबून वर पाहिलं आणि म्हणाला, "शौकी, ये. पाय धर." सगळे माझ्याकडे बघत होते. नवऱ्यानं उतरायचं असतं. मी म्हणालो, "माझे गुडघे." एवढंच. कुणीतरी लगेच "असू दे, असू दे" म्हणालं, तिचा चुलतभाऊ पुढे झाला, आणि पांढऱ्या कापडातली ती माझ्या समोरून डोक्याच्या बाजूनं खाली गेली. मी वर उभा होतो. माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. हे फक्त तिला एकटीला माहीत होतं, आणि ती खाली होती. तेव्हापासून मला भीती वाटते ती तिच्या नसण्याची नव्हे. ती आहे आणि तिनं ते ऐकलं, याची वाटते.

हॉटेलच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी एक वेडेपणा केला. शुब्रा भागातल्या आमच्या इमारतीला तळघर आहे, तिथे लिफ्टचा खड्डा. पहारेकरी इद्रीसकडून मी किल्ली मागितली. तो खुर्चीवर बसून चहा पीत होता. "काय बिघडलं, बाशमुहंदिस?" मी इंजिनियर नाही, पण लिफ्टवाल्याला सगळे इथे तसंच म्हणतात. मी म्हणालो, "काही नाही." "मग खाली कशाला?" "बघायचंय." "उंदीर बघायचेत? वर आणून दाखवू? एकाचं नाव मी घरमालकावरून ठेवलंय." मी किल्ली घेतली. तळघराला अकरा पायऱ्या. मी जाताना मोजल्या. सहाव्यावर घाम आला, आठव्यावर कानात माझेच ठोके ऐकू यायला लागले. वर लिफ्ट चालू झाली, कुणीतरी तिसऱ्या मजल्याला बोलावली असावी, तिचा दोर करकरला, आणि मी पळत वर आलो. खरंच पळत. इद्रीसच्या हातातला चहा सांडला. "बिस्मिल्लाह! काय होतं तिथे?" मी म्हणालो, "काही नव्हतं." आणि ते खरं होतं. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "गुडघे तर घोड्यासारखे आहेत तुमचे." मी जिन्यानं वर गेलो. अकरा उतरता येत नाहीत, आणि यादीतल्या त्या जिन्याला नव्व्याण्णव आहेत. मी ठरवलं, फोन करून खोली रद्द करायची. रिहामला सांगायचं, ताप आला. फोनपाशी गेलो. पण रद्द करायचं तर कारण सांगावं लागेल. ती बाई विचारेल, हाज्जांची तब्येत बरी ना? मी परत आलो. घरातल्या मधल्या बोळात दिवा चालू होता. तो चाळीस वर्षं रात्रंदिवस चालूच असतो. मी विजेवरून भांडायचो, ती म्हणायची, "तू उठशील पाणी प्यायला आणि धडपडशील." मी कधी पाणी प्यायला उठत नाही. आठ महिने मी तो दिवा बंद केला नव्हता.

हम्दी दर शुक्रवारी नमाज झाला की येतो. त्याचं पिंजऱ्यांचं दुकान आहे, त्यामुळे त्याच्या अंगाला कायम बाजरीचा वास येतो. बायकोनं दिलेले डबे टेबलावर ठेवले, खिशातून भोपळ्याच्या बिया काढल्या आणि सोलायला बसला. "काय तोंड करून बसलायस? पोट साफ होत नाही का? रिहामचा फोन होता. अलेक्झांड्रियाला जातोयस म्हणे. जा. मासे खा. फक्त स्वतः निवडू नकोस, तुला मेलेला मासा आणि वाळलेली चप्पल यातला फरक कळत नाही." मी म्हणालो, "हम्दी, माझे गुडघे ठीक होते." त्यानं टरफल थुंकलं. "कधी?" "त्या दिवशी." तो सोलायचा थांबला नाही. "मला माहीत आहे." माझ्या हातातला पेला खाली ठेवायला मला टेबल सापडेना. "कसं माहीत?" "अरे कसं म्हणजे? त्याच संध्याकाळी शोकाला बसायला खुर्च्या कमी पडल्या. तू माझ्या घरून एका वेळी दोन-दोन खुर्च्या खांद्यावर टाकून चार मजले चढत-उतरत होतास. तीन खेपा केल्यास. मी मोजल्या. रागानं मोजल्या, शौकी. मला वाटत होतं, जिना संपला की तुझी मान धरावी." "मग धरली का नाहीस?" तो आता थांबला. बिया मुठीत घेतल्या. "तिनं मना केलं होतं."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. तो खिडकीकडे बघत बोलला, आवाज न चढवता, आणि हम्दी कधी आवाज न चढवता बोलत नाही. "आठवडाभर आधी. तू औषधं आणायला खाली गेला होतास. म्हणाली, 'हम्दी, शौकीला खाली बोलव, एकदाच बोलव. नाही बोलावलंस तर लोक म्हणतील नवऱ्याला बाजूला ठेवलं. तो नाही म्हणेल. मग दुसऱ्यांदा विचारू नकोस, आणि त्याला कुणी काही बोललं तर तू बघ.' मी म्हणालो, ताई, काहीही काय बोलतेस. तर म्हणाली, 'आणि तू आधी उतर. मी यायच्या आधी तू तिथे असायला हवास. मला अंधाराची भीती वाटते.'" त्यानं मूठ उघडली, बियांकडे पाहिलं, एकही खाल्ली नाही. "तुला माहीत असेलच म्हणा. लहानपणापासून होतं ते. आमच्या घरी तिच्यासाठी बोळात दिवा ठेवायचे." मी म्हणालो, "हो." म्हणजे खोटंच बोललो. मला माहीत नव्हतं. मी बोळातल्या दिव्याकडे पाहिलं नाही, पण तो तिथे होता, माझ्या पाठीवर त्याचा उजेड होता. हम्दी डबे रिकामे करून ओट्यावर धुवायला गेला आणि तिथून ओरडला, आता नेहमीच्या आवाजात, "वांगी आज खाऊन टाक! उद्या तुझ्या त्या सपाट जिभेलाही कळेल आंबलीत म्हणून!"

तो गेल्यावर मी बराच वेळ त्या लाल चपलांचा आवाज ऐकत बसलो. बावीस वर्षांची, अंधाराला घाबरणारी, अनोळखी विहिरीत एकटी उतरत होती, आणि वर नवरा सिगरेट ओढत होता. तिनं मला एकदाही म्हटलं नाही, मला भीती वाटते, चल. थंड हात माझ्या हातात दिला आणि गाढवाची गोष्ट सांगितली. मला वाटत होतं घरात घाबरणारा मी एकटाच आहे, आणि त्यासाठी तिनं माझं सगळं सांभाळावं. सांभाळलं तिनं. जाताना पुढची व्यवस्थाही लावून गेली. तिचं कोण बघतंय हे मी चाळीस वर्षांत विचारलं नाही. दोन्ही वेळा ती खाली गेली, आणि दोन्ही वेळा मी वर होतो. आता मला ती ऐकते याची भीती वाटेना. तिसऱ्यांदाही मी वरच राहीन याची वाटायला लागली, आणि ही भीती आधीच्यापेक्षा मोठी होती.

फोन शनिवारी सकाळी केला. मेर्वतबाईंची सर्दी तशीच होती. मी म्हणालो, "मी शौकी, कैरोहून. माझ्या हातून एक चूक झाली. खोलीत मी एकटाच असेन." "का हो? हाज्जा नाही येत?" "बायको फेब्रुवारीत वारली." तीन शब्द होते, मी आधी मोजलेच होते. त्या म्हणाल्या, "तिचं राहिलेलं आयुष्य तुम्हाला लाभो." मी म्हणालो, "तुम्हालाही." "मग मी तुम्हाला एकट्याची खोली देऊ का? ती मागच्या बाजूला आहे. कागदबिगद काही लागणार नाही." "नको. तीच राहू दे." "बरं." कागदांचा आवाज आला, त्या वहीत काहीतरी खोडत असाव्यात. मी म्हणालो, "मेर्वतबाई, कोम अश-शुकाफाला खाली दिवे असतात का?" "असतात म्हणतात. मधूनमधून जातात." "आणि पायऱ्या खरंच नव्व्याण्णव?" "तसंच म्हणतात सगळे. खरं सांगू का हाज, मी इथे जन्मले, इथेच पन्नाशी ओलांडली, पण उतरले नाही कधी. शाळेची सहल गेली तेव्हा पोट दुखतंय म्हणून वर बसले. तेव्हापासून ते पोट अजून बरं झालं नाही." त्या हसल्या, मग हसणं मधेच तुटलं. "तुम्ही उतरणार?"

माझ्या हत्यारांच्या पिशवीतली जुनी बॅटरी मी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती, नवे सेल घालून. टेबलावर समोरच होती. अडतीस वर्षं मी तिचा उजेड वरून खाली टाकला होता. तिच्याकडे बघूनच मला नाकात मातीचा वास आला आणि कानात ठोके सुरू झाले, तळघराच्या आठव्या पायरीवर झाले होते तसेच.

"उतरणार," मी म्हणालो.

"मग वर आलात की मला येऊन सांगा हं," त्या म्हणाल्या, एकदम लहान आवाजात. "खाली कसं आहे ते."

"सांगतो," मी म्हणालो. फोन ठेवायला गेलो तर तळहात घामानं रिसीव्हरला चिकटला होता.